साताऱ्याची २०१९ ची पोटनिवडणूक: पावसाला जरा जास्तच श्रेय दिलंय आपण

साताऱ्याची लोकसभा पोटनिवडणूक म्हटली की लोकांना पहिलं काय आठवतं, तर पाऊस. १८ ऑक्टोबर २०१९ ची संध्याकाळ, जिल्हा परिषदेचं मैदान, ७८ वर्षांचे शरद पवार धो धो पावसात भिजत भाषण करतायत, डोक्यावर छत्री नाही, आणि समोरची पब्लिक खुर्च्या डोक्यावर धरून ऐकतेय. तो फोटो इतका फिरला की सहा दिवसांनी निकाल लागून उदयनराजे पडले तेव्हा सगळ्यांनी कारण ठरवूनच टाकलं, साहेब भिजले म्हणून राजे पडले. आता स्टोरी म्हणून हे भारीच आहे, टीव्हीवाल्यांना तर आयतंच मिळालं, पण आकडे काढून बघितले की ही स्टोरी नीट बसत नाही. आणि जे बसतं ते राजकारण्यांच्या दृष्टीने जास्त अवघड आहे.

आधी काय झालं होतं ते थोडक्यात, कारण लोक आता तारखा विसरलेत.

एप्रिल २०१९ ला लोकसभेचं मतदान झालं. उदयनराजे भोसले, छत्रपती शिवाजी महाराजांचे वंशज, राष्ट्रवादीचे दोन टर्मचे खासदार, समोर शिवसेनेचे नरेंद्र पाटील, माथाडी नेते. देशभर मोदी लाट, महाराष्ट्रात भाजप-शिवसेना युतीला ४८ पैकी ४१ जागा, तरी साताऱ्यात राष्ट्रवादीचं घड्याळ आलं, लीड १,२६,५२८. ज्यांना २०१४ चा साडेतीन लाखांच्या वरचा लीड आठवत होता त्यांना हा कमी वाटला, पण २०१४ ला युतीने जागा रिपाइंला सोडलेली आणि दोन नंबरला एक अपक्ष होता, त्यामुळे ती तुलना फार काही सांगत नाही.

मग ऑगस्ट-सप्टेंबर. ज्यांना तो काळ आठवतोय त्यांना आठवेल की रोज सकाळी उठून बघायचं आज कोण गेलं. विखे गेले होते, मोहिते-पाटील गेले, गणेश नाईक गेले, हर्षवर्धन पाटील गेले, साताऱ्यातून उदयनराजेंचे चुलतभाऊ शिवेंद्रराजे जुलैच्या शेवटालाच आमदारकीचा राजीनामा देऊन भाजपमध्ये. आणि १४ सप्टेंबरला उदयनराजेंनी दिल्लीत खासदारकीचा राजीनामा दिला, अमित शहांच्या उपस्थितीत भाजप प्रवेश. निवडून येऊन चार महिनेसुद्धा पूर्ण झाले नव्हते. (एक गोष्ट लोक विसरतात, राजेंना भाजप काही नवीन नव्हता. नव्वदच्या दशकात ते साताऱ्यातून भाजपचेच आमदार होते आणि युती सरकारात राज्यमंत्री होते. आणि १९९९ ला त्याच सातारकरांनी त्यांना विधानसभेला पाडलं होतं, म्हणजे हरणं पण नवीन नव्हतं.)

पोटनिवडणूक लागली विधानसभेच्याच दिवशी, २१ ऑक्टोबरला. राष्ट्रवादीकडून कोण यावर बराच खल चालला, पृथ्वीराज चव्हाणांचं नाव पण चर्चेत होतं, शेवटी ते कराड दक्षिणलाच राहिले आणि पवारांनी आपला जुना मित्र काढला, श्रीनिवास पाटील. माजी आयएएस, कराडचे दोन वेळचे खासदार, सिक्कीमचे माजी राज्यपाल, भरघोस पांढऱ्या मिशा, वय पवारांच्याच बरोबरीचं. गंमत म्हणजे १९९९ ला ह्याच पाटलांनी कराडमध्ये पृथ्वीराज चव्हाणांना हरवलेलं. तरुणांचा हिरो असलेल्या, कॉलर उडवणाऱ्या राजेंच्या समोर असा आजोबा माणूस दिल्यावर भाजपवाले खूशच झाले असणार. १७ ऑक्टोबरला खुद्द मोदींची साताऱ्यात सभा झाली. दुसऱ्या दिवशी पवारांची, तीच पावसाची.

निकाल: श्रीनिवास पाटील ६,३६,६२०, उदयनराजे ५,४८,९०३. फरक ८७,७१७.

हे आकडे दोन पद्धतीने वाचता येतात आणि बहुतेकांनी एकाच पद्धतीने वाचले.

पहिली पद्धत माणसाकडून. एप्रिल-मे मध्ये राजेंना ५,७९,०२६ मतं होती, ऑक्टोबरला ५,४८,९०३. तीस हजार कमी झाली. पण सव्वा लाखाने जिंकलेला माणूस ८७ हजारांनी पडला, म्हणजे दोन लाखांच्या वर फिरले, केवढा राग! पेपरात सगळीकडे हेच.

आता पक्षाकडून वाचा. मे मध्ये राष्ट्रवादी ५,७९,०२६, युती ४,५२,४९८. ऑक्टोबरला राष्ट्रवादी ६,३६,६२०, युती ५,४८,९०३. म्हणजे राजे निघून गेल्यावर राष्ट्रवादीची मतं साडेसत्तावन्न हजारांनी वाढली, आणि राजे आल्यावर युतीची शहाण्णव हजारांनी वाढली. राष्ट्रवादीचा लीड सव्वा लाखावरून ८७ हजारांवर आला, घटला, वाढला नाही! पावसात भिजून, साहेबांची सहानुभूती, ईडीने दाखल केलेल्या गुन्ह्यावरून पेटलेलं वातावरण, हे सगळं धरूनसुद्धा पक्षाचा लीड ३८,८११ ने कमी झाला.

माझ्या मते या प्रकरणातला खरा मुद्दा हा आहे. साताऱ्यात मतदार फारसा हललाच नाही. हलला उमेदवार. मे मध्ये जिल्ह्यात घड्याळ पुढे होतं, ऑक्टोबरलाही घड्याळच पुढे राहिलं, मधल्या काळात एक माणूस या बाजूचा त्या बाजूला गेला आणि जाताना त्याने स्वतःचं वजन नेलं, ते वजन होतं बरं का, जवळजवळ ३९ हजारांचा फरक पाडणारं, काही थोडकं नाही. पण राजे आणि भाजपवाले दोघांनी धरलेलं की अख्खे पावणेसहा लाख सोबत येणार. भाडेकरूला खोली सोडताना पंखा आणि कपाट नेता येतं, खिडकीतून दिसणारा अजिंक्यतारा नेता येत नाही.

लगेच कोणीतरी म्हणेल की मतदान वाढलं, विधानसभा सोबत होती, मे मधले मतदार आणि ऑक्टोबरचे मतदार तेच कशावरून, वंचितची मतं कुठे गेली वगैरे. बरोबर आहे, गुप्त मतदान आहे, कोण कुठून कुठे गेलं हे कोणी छातीठोक सांगू शकत नाही आणि जो सांगतो तो थापा मारतोय. आतल्या आत बरीच अदलाबदल झालेली असणार, राजेंचे कट्टर पोरं त्यांच्या मागे गेली असतील आणि तितकेच शिवसैनिक, ज्यांनी सहा महिन्यांपूर्वी राजेंच्या विरोधात पायाला भिंगरी लावून प्रचार केला, ते गप्प घरी बसले असतील किंवा चक्क पाटलांना टाकून आले असतील. पण बेरीज शेवटी जी आली ती आली. 'लाट' म्हणावं असं त्यात काही नाही, ज्याला सगळे अनपेक्षित निकाल म्हणतात तो पक्षाच्या आकड्यांवरून बघितलं तर बराचसा अपेक्षितच होता, फक्त तो कोणी तसा मांडून बघितला नाही कारण सगळे माणसाकडे बघत होते.

आता मतदान केंद्राच्या आतलं बघू, ते जास्त इंटरेस्टिंग आहे.

त्या दिवशी सातारकराने एकाच खोलीत दोन मतं दिली. एक मशीन लोकसभेचं, एक विधानसभेचं. बोटाला शाई लावून आत गेलं, एका मशीनचं बटण दाबलं, बीप, बाजूच्या काचेत सात सेकंद चिठ्ठी दिसली, मग पुढच्या मशीनकडे, परत बटण, परत बीप. एकच माणूस, एकच सकाळ, दोन मिनिटांचं काम. मूड बदलला, लाट ओसरली, असली कारणं इथे चालत नाहीत, कारण मध्ये वेळच गेला नाही.

आणि निकाल काय? सातारा लोकसभेत सहा विधानसभा येतात: वाई, कोरेगाव, कराड उत्तर, कराड दक्षिण, पाटण, सातारा. त्यातल्या तीन काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीला आल्या, तीन युतीला. वाईला मकरंद पाटील, कराड उत्तरला बाळासाहेब पाटील, कराड दक्षिणला पृथ्वीराज चव्हाण. तिकडे पाटणला शंभूराज देसाई, सातारला शिवेंद्रराजे आणि कोरेगावला तर शिवसेनेच्या महेश शिंदेंनी राष्ट्रवादीच्या शशिकांत शिंदेंना पाडलं, जे मंत्री राहिलेले आणि पवारांचे खास. म्हणजे पावसाचं भाषण जिथे झालं त्या सातारा विधानसभेत राष्ट्रवादी ४३ हजारांनी हरली आणि शेजारच्या कोरेगावात पण हरली! पाऊस सगळ्यांवर सारखाच पडलेला. तीन-तीन आमदार आणि खासदारकीला मात्र ८७ हजारांचा फरक, हे असं तेव्हाच होतं जेव्हा बरेच लोक दोन मशीनवर दोन वेगळ्या बाजूंना बटण दाबून येतात. (सगळीकडे सरळ लढत नव्हती, कराड उत्तरला बंडखोरी होती, त्यामुळे मताला मत जुळवत बसू नका, पण दिशा कळते.)

सगळ्यात मोठा प्रश्न मला शिवेंद्रराजेंचा वाटतो. ते पण राष्ट्रवादी सोडून गेलेले. ते पण त्याच घराण्यातले, ते पण राजेच. ते पण कमळावर. एक भाऊ ४३ हजारांनी येतो आणि दुसरा लोकसभेला पडतो. मग 'गद्दारांना धडा शिकवला' हे वाक्य कुठे ठेवायचं? राज्यभर बघितलं तरी तेच. हर्षवर्धन पाटील इंदापूरला पडले, वैभव पिचड नगरमधल्या अकोलेत पडले, जयदत्त क्षीरसागर बीडला पुतण्याकडून पडले, पण राधाकृष्ण विखे आले, गणेश नाईक आले, तुळजापूरला राणाजगजितसिंह आले, आणि साताऱ्याच्याच माणमध्ये जयकुमार गोरे काँग्रेस सोडून भाजपमधून आले. पक्ष बदलला म्हणून मतदार सरसकट पाडतो हे खोटं आहे, आणि पक्ष बदलला तरी मतदाराला काही फरक पडत नाही हे पण खोटं आहे.

फरक कशाने पडला याबद्दल माझे दोन अंदाज आहेत. एक म्हणजे वेळ. शिवेंद्रराजेंनी राजीनामा दिला तेव्हा विधानसभेची मुदत तशीही संपतच आलेली, निवडणूक होणारच होती, त्यांनी कोणाला जास्तीचं काम लावलं नाही. उदयनराजेंनी मात्र पाच वर्षांसाठी दिलेलं मत चार महिन्यांत परत केलं. उन्हात रांगेत उभं राहून मत दिलेल्या माणसाला तुम्ही सांगताय की ते मत धरू नको, परत ये. तिथे पक्ष, विचारधारा, विकास, काही राहत नाही, सरळ प्रश्न येतो, मग मी एप्रिलला आलो कशाला होतो?

दुसरं म्हणजे संस्था. शिवेंद्रराजेंकडे अजिंक्यतारा साखर कारखाना आहे, जिल्हा बँकेत वजन आहे, वडील अभयसिंहराजेंनी उभं केलेलं सगळं नेटवर्क आहे. पश्चिम महाराष्ट्रात ज्याचा ऊस कारखान्याला जातो, ज्याचं पीककर्ज सोसायटीतून येतं, पोरगा कुठल्यातरी संस्थेत चिकटलाय, त्याचं नातं नेत्याशी असतं, झेंडा कुठला हे नंतर. नेता गेला की हा मतदार पण जातो, त्याला पर्याय कमी असतो. उदयनराजेंची ताकद वेगळी, गर्दीची, क्रेझची, गादीच्या मानाची. ती खरी आहे, राजे दिसले की लोक आजही वाकून मुजरा करतात आणि मनापासून करतात. पण मुजरा करणं आणि मत देणं ही दोन वेगळी खाती आहेत हे सातारकराला नीट कळतं. (गादीचा पण काही फिक्स फॉर्म्युला नाही. कोल्हापुरात २०२४ ला 'मान गादीला, मत मोदीला' अशी घोषणा फिरवली आणि तिथे शाहू महाराज दीड लाखाच्या वर मतांनी निवडून आले.)

मग पावसाने काहीच केलं नाही का? केलं, पण जिथे सगळे बघतात तिथे नाही. माझ्या मते त्याने कार्यकर्त्याला उठवलं. रोज एक नेता सोडून जातोय, बूथवर बसायला माणूस मिळत नाही, 'अब की बार २२० पार'च्या गप्पा चालल्यात, अशा वेळी गावातल्या घड्याळवाल्याला वाटत असतं की आता कशाला वाईटपणा घ्यायचा. तो व्हिडिओ बघून तो उठला. राज्यात राष्ट्रवादी ५४ वर गेली, भाजप १०५ वर अडकली, यात त्याचा वाटा असेल.

पण त्या भाषणात पावसापेक्षा महत्त्वाचं एक वाक्य होतं ज्याच्याकडे लोकांचं लक्ष कमी गेलं. पवार म्हणाले, म्हणजे आशय असा की लोकसभेला उमेदवार निवडताना माझ्याकडून चूक झाली, ते मी कबूल करतो, आणि ती दुरुस्त करायला तुम्ही २१ तारखेची वाट बघताय. आता हे किती हुशारीचं आहे बघा. तुम्ही चुकीच्या माणसाला मत दिलंत असं ते म्हटले नाहीत. तुमचं मत बरोबरच होतं, माणूस देणारा मी चुकलो. मतदाराला कमीपणा न येऊ देता त्याला बाजू बदलायला, खरं तर न बदलायला, रस्ता करून दिला. बाकीचे नेते हरल्यावर काय म्हणतात आठवा, जनता फसली, जनतेची दिशाभूल झाली, जनता कमी पडली. चूक कबूल करणारा नेता दुर्मिळ, आणि पवार काही भोळेपणाने करत नव्हते, ५० वर्षांच्या वर राजकारण केलेला माणूस आहे, त्यांना माहीत होतं की साताऱ्यात लोकांना राग यायच्या आधी लाज वाटत होती.

पुढचं पण बघायला पाहिजे, कारण प्रकरण २०१९ ला संपत नाही.

राजे ऑक्टोबरला पडले आणि सहा महिन्यांच्या आत, एप्रिल २०२० ला, भाजपने त्यांना राज्यसभेवर पाठवलं. लोकसभेचा खासदार पडला, राज्यसभेचा खासदार झाला. मतदाराने पुढचं दार लावलं तर पक्षाने मागचं उघडलं, त्यामुळे पराभवाची किंमत राजेंना तशी किरकोळच पडली.

मग २०२४. मध्ये शिवसेना फुटली, राष्ट्रवादी फुटली, वाईचे मकरंद पाटील अजितदादांबरोबर, पाटणचे देसाई आणि कोरेगावचे महेश शिंदे एकनाथ शिंदेंबरोबर, म्हणजे सहातले चार आमदार राजेंच्या बाजूला. श्रीनिवास पाटील तब्येतीमुळे थांबले, पवारांनी शशिकांत शिंदेंना दिलं. राजे ५,७१,१३४, शिंदे ५,३८,३६३. राजे ३२,७७१ ने आले. आता राजेंचे तीन निकाल शेजारी ठेवा: ५,७९,०२६, ५,४८,९०३, ५,७१,१३४. पक्ष बदलला, मित्र बदलले, शत्रू बदलले, राज्यात तीन सरकारं झाली आणि या माणसाची मतं तीस हजारांच्या पट्ट्यातच फिरतायत. अर्थात आत माणसं बदलत असणार, पण तरी. एक जिंकलेली, एक हरलेली, एक परत जिंकलेली निवडणूक आणि मतं जवळपास तेवढीच!

त्याच निवडणुकीत तो पिपाणीचा घोळ. पवारांच्या पक्षाला चिन्ह मिळालेलं तुतारी वाजवणारा माणूस, आणि एका अपक्षाला मिळालेली पिपाणी, मशीनवर नाव मात्र तुतारी. त्या अपक्षाला ३७,०६२ मतं पडली. पवार गट म्हणतो आमचा उमेदवार पिपाणीने पाडला. गणित करा, निकाल फिरायला त्या ३७ हजारांतली ३२,७७२ मतं चुकून पडलेली असावी लागतात, म्हणजे शंभरातली ८८ च्या वर. प्रचारात कुठे न दिसलेल्या अपक्षाला एरवी किती पडतात ते बघता हे अशक्य नाही, दिंडोरीत तर याच चिन्हाला लाखाच्या वर पडली, पण सिद्ध पण करता येत नाही. मला एवढंच दिसतं की २०१९ ला दोन मशीनवर दोन वेगळी बटणं तोलून दाबणारा जो मतदार आपण शहाणा म्हणून मिरवतो, त्याच जिल्ह्यात पाच वर्षांनी काही हजार लोक चिन्हात गोंधळले असतील, आणि दोन्ही खरं आहे. वयस्कर माणूस, डोळ्याला कमी दिसतं, चिन्ह दोन महिन्यांपूर्वी आलेलं, त्यात शहाणपणाचा काय संबंध.

राजकारणी यातून काय शिकले? ते पावसात भिजायला शिकले, नंतर कित्येकांच्या भर पावसातल्या भाषणांचे व्हिडिओ बघितले आपण. पण खरा धडा त्यांनी दुसराच घेतला असं मला वाटतं. राजीनामा देऊन परत लोकांसमोर जाण्यात रिस्क आहे. शेजारी कर्नाटकात त्याच वर्षी डिसेंबरला पोटनिवडणुका झाल्या, फुटलेल्यांच्या जिवावर भाजपने १५ पैकी १२ जिंकल्या, म्हणजे तो रस्ता बंद नव्हता, पण महाराष्ट्रात २०२२ आणि २०२३ ला कोणी तो घेतला नाही. राजीनामा नाही, पोटनिवडणूक नाही, आम्हीच मूळ पक्ष म्हणायचं, चिन्ह घ्यायचं, आणि भांडण विधानसभा अध्यक्ष, निवडणूक आयोग आणि सुप्रीम कोर्टात चालू द्यायचं. मतदाराला विचारायचं ते मुदत संपल्यावर. तोपर्यंत त्याचा तो राग शिल्लक राहत नाही, आणि राहिला नाहीच, नोव्हेंबर २०२४ ला सातारा जिल्ह्यातल्या विधानसभेच्या आठच्या आठ जागा महायुतीला गेल्या, शिवेंद्रराजे एक लाख बेचाळीस हजारांनी आले, कराड दक्षिणला पृथ्वीराज चव्हाण पडले.

त्यामुळे उदयनराजेंची २०१९ मध्ये कितीही टिंगल झाली तरी एक गोष्ट त्यांच्या खात्यात लिहावीच लागेल. पक्ष सोडला तेव्हा ते खुर्ची सोडून गेले, आणि महिनाभरात त्याच लोकांपुढे हात जोडून उभे राहिले, हरण्याची शक्यता असताना. नंतर फुटलेल्या चाळीस-चाळीस आमदारांपैकी तेवढं एकानेही केलं नाही.